मधल्या पायऱ्या

पहाटे पाचला नेसरीहून गडहिंग्लजकडे जाणाऱ्या रस्त्याकडेला उभं राहिलं, की आधी आवाज येतो आणि मग माणसं दिसतात. डांबरावर पडणाऱ्या बुटांची एकसारखी थपथप, धापा, मधूनच एखादी शिट्टी. मग धुक्यातून पंधरा-वीस पोरं बाहेर येतात. कुणाला मिलिटरीत जायचंय, कुणाला पोलिसात, आणि सगळ्यांच्या डोक्यात १६०० मीटर हा एकच आकडा फिरत असतो. त्यांच्या बाजूने मोटरसायकलवर शिट्टी आणि स्टॉपवॉच घेतलेला एक माणूस चाललेला असतो. बहुतेक वेळा तो फौजेतून निवृत्त झालेला असतो. त्याचा हुद्दा कोणता का असेना, गाव त्याला ‘मेजर’च म्हणतं. शहरात ज्याला पर्सनल ट्रेनर म्हणतात, त्याचं कोल्हापूर जिल्ह्याच्या गडहिंग्लज-चंदगड पट्ट्यातलं रूप हे असं आहे.

भरतीच्या हंगामात या पोरांकडून एक तक्रार हमखास येते. “मेजर, नडगी लई ठणकायला लागलीया.”

यावर दोन तऱ्हेची उत्तरं मिळतात. पहिलं उत्तर, “काय हुत न्हाई, पळ.” दुसऱ्या तऱ्हेचा मेजर गाडी स्टँडवर लावतो, पोराला बांधावर बसवतो आणि म्हणतो, “कुठं दुखतंय ते एका बोटानं दाखव बघू.” पोराने नडगीवरून सगळा तळवा फिरवला, तर बहुधा हाडावरचं आवरण आणि त्याला धरलेले स्नायू सुजलेले असतात. मग पळणं कमी, विश्रांती जास्त. पण पोराने बोटाचं टोक नेमक्या एका जागी टेकवलं आणि तिथे दाबताच तो कळवळला, तर त्याचं पळणं त्या क्षणी बंद आणि डॉक्टरकडे रवानगी. कारण बोटभर जागेतलं दुखणं हाडाला बारीक चीर गेल्याची खूण असू शकते, आणि सुरुवातीला ती चीर एक्स-रेतसुद्धा दिसेलच असं नाही.

हा ‘एका बोटानं दाखव’वाला प्रश्न पुस्तकात आहे. पण तो ज्याच्या तोंडून आपसूक येतो, त्याच्या स्वतःच्या नडगीने तो कधीतरी विचारलेला असतो. दुखापतीतून उठलेला माणूस दुसऱ्याला शिकवायला उभा राहिला, की त्याच्या शिकवण्यात असं काय उतरतं? या प्रश्नाच्या मागे लागलो आणि हाडांपासून अणुस्फोटांपर्यंत, बेळगावापासून स्वीडनपर्यंत फिरून आलो. जे दिसलं त्याने थक्क झालो, म्हणून हे लिहितो आहे.

हाड आधी खणतं, मग बांधतं

हाड म्हटलं की आपल्या मनात दगड येतो. खरं तर हाड म्हणजे सतत दुरुस्ती चालू असलेला रस्ता आहे. त्यात दोन प्रकारचे मजूर राबतात. एका प्रकारच्या पेशी जुनं, थकलेलं हाड विरघळवून खड्डे करतात, तर दुसऱ्या त्या खड्ड्यांत नवं हाड भरतात. ज्या दिशेने भार पडतो त्या दिशेला हाड स्वतःला घडवत जातं, हे जर्मन शल्यचिकित्सक यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं. याची उलट बाजू अंतराळवीरांच्या शरीरात दिसते. भारच नाही म्हटल्यावर कंबर आणि खुब्याची हाडं महिन्याला सुमारे एक टक्का या वेगाने झिजू लागतात.

गंमत कामाच्या क्रमात आहे. खणणारे मजूर आधी येतात आणि काही आठवड्यांत काम उरकतात. भरणाऱ्यांना मात्र महिने लागतात. म्हणजे एखाद्या पोराने अचानक रोज पळायला सुरुवात केली, की त्याचं हाड मजबूत होण्याच्या वाटेवर असताना मध्ये काही काळ उलट कच्चं होतं. रस्ता उकरलेला असतो आणि खडी अजून पडायची असते. नेमका तेव्हाच पोराचा दम वाढलेला असतो, वेळ सुधारलेली असते आणि उत्साह शिगेला पोचलेला असतो. छाती म्हणते पळ आणि हाड म्हणतं थांब, पण हाडाचा आवाज बारीक असतो.

सैन्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. प्रशियाच्या सैन्यातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्ये लांबलांब कूच करणाऱ्या शिपायांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांची नोंद केली. पुढे चाळीस वर्षांनी क्ष-किरणांचा शोध लागला आणि कळलं, की त्या पावलांतली हाडं चिरलेली होती. आजही त्या दुखापतीला ‘मार्च फ्रॅक्चर’ म्हणतात.

हे नेसरीत सांगताना मला जरा थांबावं लागतं. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी शिवरायांचे सरनौबत प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार बहलोलखानाच्या फौजेवर जिथे तुटून पडले, ते हे गाव. खिंडीतल्या स्मारकापाशी आजही मान आपोआप खाली जाते. परत येण्याचा विचार न करता झोकून देणं हे इथल्या मातीला मुलांना शिकवावं लागत नाही. त्या धाडसाला वंदन करूनच म्हणतो, की हाडाची रीत वेगळी आहे. हाड झेपेने घडत नाही, ते पायरीपायरीने घडतं. आणि या गावातल्या पोरांना जर काही मुद्दाम शिकवावं लागत असेल, तर ते परत येण्याचं शास्त्र.

बेळगावात दिसलेला मुलगा

त्या शास्त्रातलं आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण पुण्यातलं आहे, पण त्याचा एक धागा नेसरीपासून जवळच, बेळगावात सापडतो.

बेल्लूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार यांचा जन्म १४ डिसेंबर १९१८चा, कर्नाटकातल्या बेल्लूर गावचा. जगभर इन्फ्लुएंझाची साथ चालू होती आणि गरोदरपणात आईला तिची लागण झाली होती. मूल जन्मलं तेच अशक्त. पुढे मलेरिया, विषमज्वर, क्षय असं एकेक झेलत ते वाढलं. हातपाय काटकुळे आणि डोकं जड. १९३४ मध्ये बहिणीचे यजमान, म्हैसूरचे योगगुरू टी. कृष्णमाचार्य यांच्याकडे हा मुलगा राहायला गेला. दोन वर्षांनी गुरूंबरोबर उत्तर कर्नाटकाच्या दौऱ्यावर असताना बेळगावचे सिव्हिल सर्जन डॉ. व्ही. बी. गोखले यांनी त्याची आसनं पाहिली. निवृत्तीनंतर गोखले पुण्याला गेले आणि त्यांच्याच प्रयत्नाने १९३७ मध्ये हा अठरा वर्षांचा मुलगा डेक्कन जिमखान्यावर सहा महिन्यांसाठी शिकवायला आला. ते सहा महिने सत्त्याहत्तर वर्षं चालले. २०१४ मध्ये पुण्यातच त्यांनी देह ठेवला. तोवर त्यांच्या नावाची योगपद्धती जगभर पोचली होती, ‘लाइट ऑन योगा’ हे १९६६चं त्यांचं पुस्तक कितीतरी भाषांत गेलं होतं आणि पद्मविभूषण मिळालं होतं.

आजारी मुलगा बलवान झाला, इतकीच ही गोष्ट असती तर ती आपण बऱ्याच पैलवानांबद्दल ऐकलेली आहे. खरी गोष्ट पुढे आहे. १९७९ मध्ये, साठीत असताना, तीन महिन्यांच्या आत अय्यंगारांना स्कूटरचे दोन अपघात झाले. पाठीचा कणा, खांदे, गुडघे, सगळ्यांना मार बसला. ज्या माणसाची आसनांची छायाचित्रं पाहून जगभरचे लोक चकित होत होते, त्याला साधं पुढे वाकणंही जमेना. त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. गेलेलं बरंचसं परत मिळवायला जवळपास दहा वर्षं लागली, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. साठी ते सत्तरी हा काळ, जेव्हा बाकीचे लोक असलेलं सांभाळायला धडपडतात, तेव्हा हा माणूस हरवलेलं परत मिळवत होता.

आणि इथे ती खुर्ची येते. अय्यंगारांच्या पद्धतीत लाकडी विटा, पट्टे, भिंतीला लावलेले दोर, लोड, घोंगड्या आणि खुर्च्या यांचा वापर असतो. त्यांतली घडीची लोखंडी खुर्ची जवळून पाहण्यासारखी आहे. तिची टेकायची पाठ काढून टाकलेली असते, राहते ती नुसती चौकट. विपरीत दंडासनासाठी माणूस त्या चौकटीतून पाय आरपार घालून उलटा बसतो, खुर्चीच्या कडा धरतो आणि हळूहळू मागे झुकतो. बैठकीची कड खांद्यांच्या फऱ्यांखाली येते, छाती वर उघडते, डोकं मोकळं खाली जातं किंवा लोडावर टेकतं. कण्याला कमानीचा आकार मिळतो, पण ती कमान उचलून धरायचं काम पाठीच्या स्नायूंना करावं लागत नाही. ते खुर्ची करते. जे आसन एरवी काही क्षण धरताना दम लागतो, त्यात दुखऱ्या पाठीचा माणूस मिनिटभर, दोन मिनिटं, पाच मिनिटं राहू शकतो. आणि राहता राहता शरीराला कळतं, की इथे यायला भ्यायचं कारण नाही.

ही साधनं अपघाताच्या आधीही होती. सुरुवातीच्या वर्षांत विटा, दगड, दोर, जे हाताशी येईल ते अय्यंगार वापरून पाहत. पण १९७९ नंतर गुरूच स्वतःचा विद्यार्थी झाला. ज्याला जमिनीवरून थेट छपरावर उडी मारता येते, त्याला शिडीला किती पायऱ्या आहेत हे मोजावं लागत नाही. पडल्यावर मात्र एकेक पायरी हाताने चाचपावी लागते. अय्यंगारांनी चाचपली. हाताखाली एक वीट की दोन, गुडघ्यामागे घोंगडीची घडी किती जाड, दोर किती ताणायचा. पुण्यात शिवाजीनगरला १९७५ साली उघडलेल्या रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्थेत दुखणाईतांचे वर्ग चालत. तिथे येणाऱ्या माणसाला त्या पायऱ्या तयार मिळत, आणि त्यांवरून पाय घसरत घसरत गेलेला माणूस समोर उभा असे.

मांडीने टाकलेला संप

मधल्या पायऱ्या इतक्या महत्त्वाच्या का, हे समजायला गुडघा बघावा.

गुडघा मुरगळला, सुजला, ऑपरेशन झालं, की काही दिवसांतच मांडीचा पुढचा स्नायू डोळ्यांदेखत उतरतो. आपण म्हणतो, वापर नाही म्हणून उतरला. ते खरं आहे, पण अर्धंच. सुजलेल्या सांध्यातून मज्जारज्जूकडे सतत निरोप जात असतात, आणि त्यांना उत्तर म्हणून मांडीच्या स्नायूला जाणारा हुकूमच मंद केला जातो. स्नायू धड आहे, नस धड आहे, माणूस जीव तोडून पाय उचलायचा प्रयत्न करतो आहे, तरीही मांडी पूर्ण जोर लावत नाही. संशोधकांनी निरोगी माणसांच्या गुडघ्यात निर्जंतुक सलाईन टोचून तो नुसता फुगवला. इजा नाही, वेदना फारशी नाही, तरी मांडीचा जोर उतरला. शरीर जणू म्हणतं, सांध्याचा हिशेब लागेपर्यंत मी यावर भार येऊ देणार नाही.

आता अशा माणसाला कुणी म्हणालं, “मनावर घे, जोर लाव,” तर त्याला काय वाटेल? आपल्यातच काहीतरी कमी आहे, आपण भित्रे आहोत, असं. आणि ज्याची मांडी कधीतरी अशी संपावर गेली होती तो म्हणतो, “पाय सरळ ठेव. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घे. पाय उचलू नको, फक्त गुंडाळी खाली दाब. मांडी थरथरली तरी पुरे.” त्या थरथरीला काय किंमत आहे, हे ती परत येण्याची वाट पाहिलेल्यालाच कळतं.

आणखी एक गोष्ट या वाटेवर भेटते, ती तर जादूसारखी आहे. १८९४ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका हाताने दाब देण्याचा सराव करून घेतला आणि नंतर दुसऱ्या हाताची ताकद मोजली. ज्या हाताने काहीच केलं नव्हतं, त्याचीही ताकद वाढलेली निघाली. नंतर सव्वाशे वर्षं हा प्रयोग नाना तऱ्हांनी करून पाहिला गेला आणि तो टिकला. दुसऱ्या हाताचा स्नायू जाड होत नाही. बदलतो तो मेंदू आणि मज्जारज्जूतला मार्ग. म्हणजे उजवा पाय प्लास्टरमध्ये असताना डाव्या पायाला मेहनत दिली, तर उजव्याची ताकद कमी वेगाने घटते. बांधलेला पाय शेजाऱ्याची मेहनत ऐकत असतो.

अणुस्फोटांनी मोजलेली टाच

हाड जुळतं आणि स्नायू भरतो. कंडरा मात्र हट्टी असते. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या या दोरांत सर्वांत जाड दोर टाचेच्या वर आहे. चिमटीत धरता येतो तो, अकिलिस टेंडन. पळणाऱ्यांचं हे मोठं दुखणं, आणि महिनोन्‌महिने न हटणारं.

ते का हटत नाही, याचा एक भाग उलगडला तो फार अजब वाटेने. १९५० नंतरच्या दशकात आणि १९६३ पर्यंत महासत्तांनी उघड्या हवेत अणुबाँब फोडले. त्यामुळे वातावरणातला कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन जवळपास दुप्पट झाला आणि चाचण्यांवर बंदी आल्यावर हळूहळू उतरत गेला. तो वनस्पतींत गेला, अन्नात गेला आणि त्या काळात जगणाऱ्या प्रत्येकाच्या शरीरात गेला. म्हणजे शरीराच्या कुठल्याही भागातला कार्बन-१४ मोजला, तर तो भाग कोणत्या साली घडला ते कळू शकतं. २०१३ मध्ये डॅनिश संशोधकांनी या घड्याळाने टाचेची कंडरा तपासली. निष्कर्ष असा, की तिचा गाभा आयुष्याच्या पहिल्या सतरा वर्षांच्या आसपास घडतो आणि नंतर जवळजवळ बदलतच नाही. हे वाचलं तेव्हा मी खाली वाकून माझ्याच टाचेला हात लावला. शाळेत असताना विणलेला दोर अजून तोच आहे, आणि त्याच्यावरच मी चालतो आहे.

ज्याचा गाभा बदलत नाही ते बरं कसं होणार? या प्रश्नाचं एक उत्तर एका दुखणाईत डॉक्टरने दिलं. स्वीडनमध्ये उमिओ इथले अस्थिशल्यविशारद होकान आल्फ्रेडसन यांना स्वतःलाच टाचेच्या या दुखण्याने गाठलं होतं. वरिष्ठ शस्त्रक्रिया करायला तयार होईनात. तेव्हा टाच आणखी बिघडली तर तरी ऑपरेशन होईल, अशा विचाराने त्यांनी पायरीच्या कडेवर उभं राहून टाच खाली सोडायचा व्यायाम दुखत असतानाच नेटाने सुरू केला. टाच बिघडायची ती बरी झाली! १९९८ मध्ये त्यांनी पळणाऱ्या पंधरा रुग्णांवर बारा आठवडे केलेल्या या व्यायामाचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज १८० वेळा, काही गुडघा सरळ ठेवून, काही वाकवून. आज जगभरचे फिजिओथेरपिस्ट या व्यायामाची कुठली ना कुठली आवृत्ती वापरतात. कंडरेला पूर्ण आराम मानवत नाही आणि हिसके तर अजिबात मानवत नाहीत. तिला सावकाश दिलेला आणि हळूहळू वाढवलेला भार लागतो. मात्र कुणाची टाच किती भाराची आहे, हे आधी जाणकाराने तपासावं लागतं.

पुण्यातला योगगुरू आणि स्वीडनचा सर्जन यांची भाषा वेगळी, शास्त्र वेगळं. पण दोघांनी आपल्याच मोडलेल्या जागेवर वाट शोधली आणि मग ती दुसऱ्यांसाठी आखून दिली.

अडखळणारा माणूस जास्त शिकवतो

हे झालं शिकवणाऱ्याचं. शिकणाऱ्याच्या मनात काय घडतं?

१९७१ मध्ये डोनाल्ड मायकेनबाउम या मानसशास्त्रज्ञाने सापाला फार भिणारी माणसं घेतली. काहींना असा माणूस दाखवला जो न घाबरता, सराईतपणे साप हाताळतो. इतरांना असा दाखवला जो आधी बिचकतो, थांबतो, श्वास सावरतो, स्वतःला धीर देतो आणि शेवटी हात पुढे करतो. नंतर प्रेक्षकांची पाळी आली. सराईत माणूस पाहिलेल्यांपेक्षा अडखळणारा माणूस पाहिलेल्यांची भीती जास्त ओसरली होती.

यामागचा विचार अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये सविस्तर मांडला. ‘मला हे जमेल’ हा विश्वास माणसात कुठून येतो, हा त्यांचा प्रश्न होता. स्वतः करून पाहिल्याने तो सर्वांत पक्का होतो. त्याखालोखाल तो येतो आपल्यासारख्या माणसाला धडपडत यशस्वी होताना पाहून. कोरडा उपदेश त्यापेक्षा कमी पडतो. यात ‘आपल्यासारखा’ हा शब्द महत्त्वाचा. भिंतीवरच्या पोस्टरमधला पिळदार देह पाहून क्षणभर हुरूप येतो, पण मनाच्या तळाशी एक आवाज म्हणत राहतो, की तो वेगळा आहे. गुडघ्यावर टाक्यांची खूण असलेला शिक्षक बैठक मारताना एक हात भिंतीला लावतो, तेव्हा तो आवाज गप्प होतो.

तरीही इथे एक धोका आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. ‘मी असा बरा झालो, तू पण हेच कर’ असं म्हणणारा शिक्षक स्वतःच्या एका शरीराची गोष्ट सगळ्यांच्या अंगावर चढवतो. दोन गुडघे सारखे नसतात, एकाच माणसाचेसुद्धा. चांगला शिक्षक आपली दुखापत उत्तर म्हणून वापरत नाही, प्रश्न म्हणून वापरतो. कुठे दुखतं? कधी दुखतं? रात्री झोप मोडते का? काल केलेल्याचं आज सकाळी काय वाटतं? हे प्रश्न त्याला सुचतात, कारण एकेकाळी हे कुणीतरी आपल्याला विचारावं असं त्याला वाटत होतं.

परत न येणारंही असतं

सगळं परत येतंच असं नाही. ही बाजू सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, आणि ती सांगायला मुरलीकांत पेटकरांइतका मोठा माणूस नाही.

सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा गडी फौजेत गेला आणि बॉक्सर झाला. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. कमरेखालचं शरीर लुळं पडलं. मज्जारज्जूच्या तुटलेल्या तारा हाडासारख्या जुळत नाहीत. तिथे कितीही मधल्या पायऱ्या शोधल्या तरी जिना जुन्या मजल्यावर पोचत नाही. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं. पाण्यात शरीराचं बरंचसं वजन पाणीच उचलतं आणि दंडांना, खांद्यांना मोकळं काम मिळतं. बॉक्सरचे खांदे ते. १९७२ मध्ये जर्मनीत हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल त्यांनी ३७.३३ सेकंदांत पार केली. विश्वविक्रम झाला आणि पॅरालिंपिकमधलं भारताचं पहिलं सुवर्णपदक आलं. पद्मश्रीसाठी मात्र २०१८ उजाडावं लागलं.

पेटकर रिंगणात परतले नाहीत. ते पाण्यात गेले. बरं होणं म्हणजे आधीसारखं होणं, ही आपली समजूत त्यांनी पुसून टाकली. जिना जुन्या मजल्यावर जात नसेल, तर शेजारी दुसरा मजला असू शकतो, आणि तोही उंच असतो.

आज एवढं बास

कोल्हापूरच्या तालमींना यातलं बरंच न शिकवता कळलेलं होतं असं वाटतं. हौद्यातली लाल माती खणून मऊ केलेली, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेलं. पडणाऱ्याला झेलायची तयारी आधी, कुस्ती नंतर. हौद्याच्या कडेला बसलेला वस्ताद बहुधा कधीतरी स्वतः लंगडत तालमीबाहेर पडलेला आणि परत आलेला असतो. नव्या पोराला मातीत उतरवण्यापूर्वी तो त्याला महिनोन्‌महिने जोर-बैठकांवर ठेवतो. आज शास्त्र ज्याला भार हळूहळू वाढवणं म्हणतं, त्यालाच तिथे नुसतं मेहनत म्हणतात.

पुन्हा त्या पहाटेच्या रस्त्यावर येऊ. ज्याचं पळणं बंद झालं, ते पोर काही आठवडे नुसतं चालतं. बाकीचे पुढे निघून जातात, त्यांची थपथप लांब जाते आणि हे रस्त्याच्या कडेने एकटं चालत राहतं. हे एकटेपण नडगीपेक्षा जास्त दुखतं. इथे कळतं, मेजर कोणत्या तऱ्हेचा आहे. दुसऱ्या तऱ्हेचा मेजर कधीतरी गाडी बंद करतो आणि ती ढकलत त्याच्याबरोबर चालू लागतो. फार बोलत नाही. चालताना त्याचं लक्ष पोराच्या पावलाकडे असतं. टाच कशी टेकते, भार कुठे चुकवतोय.

मग डॉक्टर हो म्हणतात आणि एका सकाळी पोर पहिल्यांदा पळतं. १०० मीटर पळणं, १०० मीटर चालणं, असं चार वेळा. कुठेच ठणका नाही. पोराचे डोळे चमकतात, छाती भरून येते. पुढे खिंडीकडचा रस्ता दिसतो आहे, पाय शिवशिवतायत आणि आता थांबायचं मुळीच मन नाही.

तेवढ्यात शिट्टी वाजते.

“आज एवढं बास,” मेजर म्हणतात. पोर चिडून बघतं. ते मात्र खाली वाकून आपलीच नडगी एकदा बोटाने दाबून बघतात, जुनी सवय, आणि म्हणतात, “उद्या हाय की.”